मागून बसलेली लाथ

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर सुकरीची चाल बघण्यासारखी होती. डोक्यावर दोन हंडे, आणि हात न लावता विहिरीची चढण चढायची. चाळिशीला आलेली बाई, पण मान कशी ताठ! नवरा मुकेश ठाण्याला बांधकामावर; घरात म्हातारी सासू आणि तीन पोरं. पाणी आणणारे पाय तेवढे तिचेच.

मार्चअखेरीस एका सकाळी तिचं विहिरीवर धाकट्या जावेशी, नवशीशी, वाजलं. नंबर कोणाचा, एवढंच कारण. पण विहिरीत पाणी वाटीवाटीने झिरपायचं, तिथे नंबर म्हणजे जीवच. सुकरीने दांडगाई करून आधी हंडे भरले आणि निघाली. नवशी पुटपुटत मागे. वाट एका माणसाच्या रुंदीची. खडकाच्या पायरीवर सुकरीने चवडा रोवून अंग उचललं, आणि टाचेच्या वर, मागून, फाटकन लाथ बसली. आवाजसुद्धा आला. हंडे गडगडत गेले, ती कोसळली. वळून बघते तर मागे नवशी.

"रांडे, लाथ मारलीस! पानी सांडलंस माझं!"

"मी? डोक्यावर हंडा हाय माझ्या. लाथ कशी मारू, बय?"

बोलणं रास्त होतं. पण विहिरीवरचं भांडण सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि भांडणानंतर रास्त बोलणं कोण ऐकतो?

मोखाड्याच्या एका दवाखान्यात मुरगळा म्हणून पट्टी बांधून दिली. सूज उतरली. सपाटीवर सुकरी लंगडत चालायची; चढण आली की पाय अंग पुढे ढकलेचना. मग पाड्यातली जाणती मंडळी बसली. ढवळूबाबा म्हणाले, "जिच्यापायी हिचा पाय गेला, तिनं पानी भरावं. पाय बरा होईस्तोवर."

नवशी पहिल्या बैठकीत नाही म्हणाली, दुसऱ्या बैठकीतही नाही म्हणाली. तिसऱ्या बैठकीत खाली मान घालून बोलली, "लागला असंल माझा पाय. ध्यानात नाय."

तेव्हापासून ती आपल्या घरचं भरून वर सुकरीच्या घरचं भरू लागली. विहिरीच्या वाटेवर बायका तिला मागे चालू देत नसत. "पुढं हो ग नवशे, आमाला आमचे पाय हवेत!" म्हणून खिदळायच्या. नवशी मुकाट पुढे व्हायची.

मे महिन्यात जव्हारला पायांच्या तपासणीचं शिबिर लागलं. सुकरी काठी टेकत उतरली आणि जीपने गेली. तपासणारी अवंती म्हणून तरुण मुलगी होती, व्यायामाने उपचार करणारी. आधी विचारायची, मग हात लावायची. सुकरीच्या पुढच्या बाईला तिने विचारलं, "सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते, आणि चाललं की मोकळी होते?" बाई चकित होऊन हो म्हणाली. तिचं दुखणं तळव्याचं निघालं.

सुकरीला तिने पालथं झोपवलं, पावलं खाटेबाहेर. चांगल्या पायाची पोटरी दाबली, तसा पंजा खाली झुकला. दुखऱ्या पायाची दाबली. पंजा हललाच नाही. तिने टाचेच्या वर बोट फिरवलं. तिथे खळगा होता.

"मावशी, हा मुरगळा नाही. पोटरीला टाचेशी बांधणारी जाड दोरी असते ना, ती तुटलीय. वेळेवर कुणी ओळखायला हवं होतं. आता ऑपरेशनसाठी नाशिकला दाखवावं लागेल." मग तिने सहज विचारलं, "तुटली तेव्हा मागून कुणी मारल्यासारखं वाटलं?"

सुकरी ताडकन उठून बसली. "तुमाला कोनी सांगितलं?"

"बहुतेक सगळे हेच सांगतात. कुणी म्हणतं लाथ बसली, कुणी म्हणतं दगड लागला. वळून बघतात तर कुणीच नसतं."

"माझ्या मागं व्हती एक."

"असेल. पण तिने काही केलेलं नाही. जोर देऊन चढताना ही दोरी आपोआप तुटते."

परतीच्या जीपमध्ये सुकरी मनाशी हिशोब करत राहिली. खरं काय ते सांगायचं म्हणजे ढवळूबाबांपुढे सांगायचं, विहिरीवर सांगायचं. मग उद्यापासून नवशी का येईल? पाऊस पडल्याशिवाय मुकेश यायचा नाही. सासूला दिसत नाही, पोरं लहान. आणि ऑपरेशन झालं तरी पाय कधी चढणीला लागेल, देव जाणे.

पाड्यावर पोचली तर नवशी ओट्यावर रिकामे हंडे घेऊन बसलेली.

"काय बोलली डॉक्टरीण?"

"शीर तुटलीय. ऑपरेशन हाय."

नवशीचं तोंड उतरलं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. "बाय, मी मारली का ग खरंच? सगळी बोलतात, तर मला पन तसंच वाटाया लागलंय. रातचं सपनात मारते मी तुला."

'तू नाय मारली' हे सुकरीच्या ओठावर आलं होतं. आतून सासूने पाणी मागितलं. मडक्याच्या तळाला पेला खरवडल्याचा आवाज आला.

"मुद्दाम नसंल मारली तू," सुकरी म्हणाली. "चुकून लागली असंल. जा आता, नंबर जाईल."

एवढ्यानेही नवशीला हलकं वाटलं असावं. तिने डोळे पुसले, आपल्या हंड्यांवर सुकरीचे हंडे रचले आणि उतरणीला लागली.