चव्वेचाळीस हजर

मॉनिटर हे तिचे टोपणनाव. कॉलेजात असे पद नसते; मागच्या बाकावरच्या चौघांपुरते तिने ते स्वतःकडे घेतले होते आणि बाकीच्या तिघांनी ते हसत मान्य केले होते. तिचे वडील एका शाळेत शिपाई. तीस वर्षे त्यांनी शाळेची घंटा दिली, आणि ती कधी मिनिटभरही पुढेमागे झाली नाही, हा त्या घरातला एकमेव मोठेपणा. मुलीने तो जसाच्या तसा उचलला. ती वेळेवर येई, वह्या वेळेवर देई, आणि जे येत नसत त्यांची हजेरीही वेळेवर लावी.

त्या वर्गाची हजेरी मीच घेत असे. एकाच गळ्यातून कधी दोन, कधी तीन क्रमांक निघत. ते मला ऐकू येत नव्हते असे नाही. तासाची दहा मिनिटे वाचवण्यासाठी मी पुढचा क्रमांक पुकारत असे. पुढे जे घडले त्याचा उगम शोधताना ही दहा मिनिटे वगळणे मला प्रामाणिक वाटत नाही.

चौघांचे क्रमांक लागोपाठचे होते. एक्केचाळीस डॉक्टर, हा रुग्ण तपासणारा डॉक्टर नव्हे, शेवाळावर संशोधन करणारा विद्यार्थी, आणि चार वर्षे शेवाळच त्याच्यावर संशोधन करत आहे असे बाकीचे म्हणत. बेचाळीस मॉनिटर स्वतः. त्रेचाळीस लांबण, विम्याच्या कार्यालयात फोनवर ग्राहकांची समजूत घालणारा, आणि एका वाक्याचे काम सात वाक्यांत करणारा. चव्वेचाळीस क्रमांकाच्या मुलीला मात्र वेगळे टोपणनाव कधी पडलेच नाही. ती इतकी कमी बोलायची की चिडवायला धागा सापडत नसे. तिला सगळे चव्वे म्हणत.

कॉलेज संपल्यावर चौघे पांगले. तिघे नोकरीला किंवा संशोधनाला लागून भाड्याच्या खोल्यांत एकेकटे राहू लागले. चव्वे आईजवळच राहिली, कारण तिचा एक विषय दोनदा राहिला होता आणि तिसरी संधी नियमाप्रमाणे शेवटची होती. फोनवरचा चौघांचा गट तेवढा टिकला. त्यात जे चाले ते अशा गटांत चालते तेच: लांबणच्या साहेबांची नक्कल, डॉक्टरच्या मार्गदर्शकांचा लहरीपणा, घरमालकिणीने नळाला लावलेले कुलूप, कोणाचा डबा आंबला, कोणाचे लग्न ठरता ठरता मोडले.

रोजची हजेरी मॉनिटरने सुरू केली, आणि तिला एक कारण होते. तिच्या खालच्या मजल्यावर एकटा राहणारा एक तरुण तापाने चार दिवस पडून होता आणि ते कोणालाही कळले नव्हते. त्या दिवशी तिने गटात लिहिले, "उद्यापासून सकाळी नऊच्या आत प्रत्येकाने आपला नंबर टाकायचा. नंबर आला नाही तर बाकीच्यांनी फोन करायचा. फोन उचलला नाही तर घरी जायचं." लांबणने विचारले, नंबर टाकला आणि नंतर मेलो तर? त्यावर डॉक्टरने लिहिले, दुसऱ्या दिवशी धरू.

पंधरा दिवस हा नियम पाळला गेला. मग एकदा लांबण झोपून राहिला आणि डॉक्टरने लिहिले, "४३ हजर. घोरतोय." सगळ्यांना जुने दिवस आठवले, सगळे हसले. त्यानंतर जो आधी उठे तो मागे राहिलेल्यांची हजेरी लावू लागला. एकमेकांना सांभाळून घेण्याची ती त्यांची जुनी रीत होती आणि तिच्यात माया नव्हती असे म्हणता येणार नाही. पुढे काम मॉनिटरकडे आले. ती एका डेंटल लॅबमध्ये कामाला होती. साडेआठला एकदा हात प्लास्टरमध्ये गेले की दुपारपर्यंत फोनला शिवता येत नसे. म्हणून बसमधून उतरता उतरता ती एका ओळीत लिहून टाकी: ४१, ४२, ४३, ४४ हजर. बाकीचे सवडीने अंगठा दाखवत. कोणी दाखवत नसे, तरी चालून जाई.

लॅबमधले तिचे काम असे. दंतवैद्यांकडून रोग्यांच्या तोंडाची मापे येत. गुलाबी, रबरासारख्या पदार्थात दातांचे ठसे उमटलेले असत. त्यात प्लास्टर ओतून ती जबड्याचा साचा काढी आणि त्या साच्यावर पुढे कवळी बसवली जाई. थोरल्या कारागिरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावले होते की माप हातात असल्याशिवाय साचा ओतायचा नाही. माणूस ओळखीचा असो, मागच्या वर्षीच त्याची कवळी केलेली असो, अंदाजाने ओतायचे नाही. चार वर्षांत तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास लॅबच्या दारात चव्वेची आई उभी राहिली. ही बाई कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात शिलाईचे काम करते. घरीही मशीन आहे. हातात शिवलेली पिशवी होती. मॉनिटरने वाडग्यात नुकतेच प्लास्टर कालवले होते. ती तशीच वाडगा घेऊन दाराशी आली.

काकूंनी पिशवी पुढे केली. आत दोन स्वेटर, पायमोजे आणि एक चादर होती. त्या मॉनिटरकडे न बघता बोलल्या. "थंडी वाढलीय. तिला म्हणावं, आई रागावलेली नाही. मशीन मी आता दुकानातच चालवते, घरी आवाज नाही. यायचं तेव्हा ये म्हणावं."

मॉनिटरने विचारले, "कोणाला म्हणू, काकू?"

"आता तू पण नको गं असं करूस. अठरा दिवस झाले. तुझ्याकडे आहे म्हणून तर मी गप्प बसले."

मॉनिटर म्हणाली, "माझ्याकडे नाहीये ती."

काकूंनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांनी सावकाश, एखाद्या लहान मुलीला समजावावे तसे सांगितले की घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चव्वेच्या फोनवरच्या गटांची यादी चालू राहिली होती. आपण तुमच्या गटात शिरत नाही, पण त्याच्या नावाखाली दिसणारी शेवटची ओळ रोज सकाळी बघतो. चव्वेचाळीस हा तिचा नंबर, सगळ्या वह्यांवर तोच आहे. आणि रोज सकाळी तुझ्या नावापुढे येते: ४४ हजर.

"मग ते कोण लिहितं?" काकूंनी विचारले.

"मीच लिहिते."

"तिला बघून लिहितेस ना?"

लॅबमधली दोघे माणसे हातातले काम थांबवून पाहत होती. काकू खुर्ची न शोधता जमिनीवरच बसल्या. मॉनिटरच्या हातातला वाडगा जड होत गेला. तिने खाली पाहिले तेव्हा प्लास्टर घट्ट झाले होते आणि चमचा त्यात उभा राहिला होता.

घडले होते ते असे. अठरा दिवसांपूर्वी मायलेकींची बाचाबाची झाली. मुलगी म्हणाली, मशीनच्या खडखडाटात अभ्यास होत नाही. आई म्हणाली, आणखी किती वेळा तीच परीक्षा देणार आहेस? मुलगी बॅग भरून निघून गेली. आईने चौथ्या दिवशी दोनदा फोन केला, तो उचलला गेला नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिने कॉम्प्युटर लावला आणि तिला दिसले, ४४ हजर. त्या एका शब्दावर तिने पुढचे दोन आठवडे काढले. मैत्रिणीला फोन करावा असे तिला रोज वाटे. पण पोरीने आपल्यापेक्षा जिचे घर जवळचे मानले तिच्यापुढे हात जोडायला मन घेत नव्हते.

तिकडे गटात कोणाला संशय आला नाही, कारण चव्वे मुळातच अबोल. नवव्या दिवशी तिचा पेपर होता. त्या सकाळी लांबणने मॉनिटरच्याही आधी लिहिले होते, "४४ हजर! जा, फोडून ये." संध्याकाळी त्याने विचारले, कसा गेला? उत्तर आले नाही. डॉक्टरने लिहिले, वाईट गेला असेल, छेडू नका तिला. सगळ्यांनी समंजसपणे विषय बदलला. या समंजसपणाइतके क्रूर त्या अठरा दिवसांत दुसरे काही नव्हते, असे मॉनिटरने मला नंतर सांगितले.

काकूंच्या शेजारी जमिनीवर बसून तिने गटात लिहिले, "४४ गैरहजर. तिच्याशी शेवटचं कोण बोललंय?" डॉक्टरने लिहिले, मला वाटलं तू बोलतेस. लांबणने पहिल्यांदाच दोन शब्द लिहिले: मलाही तेच. मग संदेश बाकीच्या तिघांनीही वाचल्याची खूण उमटली. तिघांनीही. मॉनिटरने मागचे संदेश उघडून पाहिले. मधले दोन दिवस सोडले तर रोजची हजेरी चव्वेने त्या त्या सकाळीच वाचलेली होती. खूण रोज तिथे होती. कोणी उघडून बघितली नव्हती.

मग चव्वेचे उत्तर आले: "सरकारी दवाखाना. वॉर्ड सहा, खाट अकरा."

ती परीक्षेपुरती मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली होती. तिसऱ्या दिवशी पोटात कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स फुटले होते. वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंनी दवाखान्यात नेले, कागदावर सही केली, आणि चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. पुढे जखम चिघळली आणि ताप उतरेना. शस्त्रक्रियेआधी परिचारिकेने विचारले होते, घरी कोणाला कळवायचे? चव्वेने सांगितले होते की कळवायला नको, सकाळी गटात माझा अंगठा दिसला नाही की माझी माणसे आपणच येतील. सहाव्या दिवशी फोन तिच्या हातात परत आला. तिने पाहिले, मधल्या दोन्ही दिवशी ती हजर होती.

वॉर्डमध्ये काकू खाटेच्या कडेला बसल्या आणि मुलीचा पाय चादरीवरून चेपत राहिल्या. बोलायचे ते मॉनिटरला होते. तू एक ओळ का लिहिली नाहीस, एवढेच तिने विचारले.

चव्वेचा आवाज बसला होता. "लिहिणार होते. मग म्हटलं, उद्या तरी कोणी विचारतंय का बघू. मग परवा. मग पेपरच्या दिवशी मी इथे नळ्या लावून पडलेय आणि तिकडे मी हजर. मग मला बघायचंच होतं, किती दिवस चालतंय ते."

मॉनिटरने पेपरचे विचारले. चव्वे म्हणाली, आजारपणाचा अर्ज देता येतो म्हणतात, तेवढा दे. दवाखान्याचे कागद उशाशीच होते. ते घेऊन मॉनिटर दुपारी कॉलेजच्या कार्यालयात गेली. चष्मा कपाळावर सरकवून कारकुनाने कागद नीट वाचले. बिचारा मनाने चांगला माणूस. त्याने नियमाचे पुस्तकही काढून दाखवले. अर्ज पेपरपासून सात दिवसांच्या आत यायला हवा. मुदत परवा संपली. संधी शेवटची असल्याने पुढे काही तरतूद नव्हती.

"उमेदवारानं स्वतः यायला हवं असंही नव्हतं," तो म्हणाला. "आई, भाऊ, मैत्रीण, कोणीही आणून दिला असता तरी चाललं असतं. इतके दिवस कोणालाच कळलं नाही?"

मॉनिटरने कागद परत घेतले. मी त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर शिकवतो. ती तिथून थेट माझ्याकडे आली. अपवादासाठी एक पत्र मी लिहून दिले, आणि त्याचा उपयोग होणार नाही हेही तिला सांगितले. तो झाला नाही. तिने मला एकच प्रश्न विचारला: "सर, तुम्हाला तेव्हा कळायचं ना, की आवाज माझाच आहे?" मी हो म्हणालो. ती उठून गेली.

हे चव्वेला सांगण्याचे काम तिने दुसऱ्या कोणावर टाकले नाही. संध्याकाळी भेटीच्या वेळेत तिने खाटेजवळ उभे राहून मुदत, तारीख, नियम सगळे सांगितले. माफी मागितली नाही. चव्वे छताकडे बघत होती. तिने विचारले, "परवा का?" मॉनिटर म्हणाली, "हो, परवा." मग चव्वेने आईला दिवा मालवायला सांगितले, डोळ्यांवर येतोय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरल्यावर मॉनिटरने लिहिले, "४२ हजर." फक्त आपला. पाठोपाठ डॉक्टरचा एक्केचाळीस आला. लांबणचा त्रेचाळीस आला, पुढे एकही वाक्य नव्हते. नऊ वाजले. चौथा क्रमांक आला नाही आणि कोणी भरला नाही. मॉनिटरने हात धुतले आणि नियमाप्रमाणे फोन केला. तो उचलला गेला नाही. तिने थोरल्या कारागिरांकडे रजा मागितली, आणि ती जिना उतरत असताना फोन वाजला.

"४४ गैरहजर," चव्वेने स्वतःच लिहिले होते.

मॉनिटर जिन्यातच थांबली. नियम तिचाच होता आणि त्यात पुढे काय करायचे हेही तिनेच लिहून ठेवले होते. ती रस्त्यावर आली आणि दवाखान्याच्या बसची वाट बघू लागली.