पावसाळ्याचे दोन किलो

"पावसाल्याचं सांगून ठेव हां," म्हणत कोळीण मावशी सुका बोंबील माझ्या कानाजवळ आणून कट्कन मोडायची. वाजला, म्हणजे माल चांगला.

उन्हाळ्यात ती उत्तनहून टोपली घेऊन यायची आणि भाईंदरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी बसून पावसाळ्यासाठी सुक्या मासळीच्या ऑर्डरी घ्यायची. सगळं तोंडी. एकदा हो म्हणाली की माल घरी आलाच म्हणून समजा. जमणार नसेल तर तोंडावर सांगायची, "तुला यंदा न्हाय." अशी एखादी कोळीण तुमच्याही ओळखीची असेल आणि तिच्याशी घासाघीस करायची तुमचीही छाती झाली नसेल.

मग तिला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून रिपोर्ट घेऊन ती थेट माझ्या घरी आली. काढलेल्या गाठीतली काही प्रोटीन्स तपासली होती. ती जास्त दिसली, तर आजार परतायची भीती जास्त. तिची जास्त होती.

"दिसतं कसं ता प्रोटीन?"

"काचेवर तपकिरी डाग दिसतात, मावशी."

"बोंबील तपकिरी पडला तर आमी फेकून देतो."

मला हसूही आलं आणि रडूही.

"डॉक्टर बोलला, हा शंभर जणांचा अंदाज हाय, तुझ्या एकटीचा न्हाय. मंग मी यंदा ऑर्डर घेऊ का नको?"

 तिला मरणाची भीती होतीच, पण दिलेला शब्द मोडायची त्याहून जास्त होती. 

"माझे दोन किलो धरा," मी म्हटलं.

"दोन? तू तर एकच घेते."

"यंदा दोन."

"बरा," म्हणत तिने रिपोर्ट कमरेला खोचला.

माल आला. पुढच्या वर्षीही आला. त्याच्या पुढच्या वर्षी बोलताना तिला धाप लागत होती, तरी फाटकाशी बसून तिने ऑर्डरी घेतल्या.

तो माल तिच्या सुनेने आणला. "आईनं सगला सुकवून ठेवलेला, ताई. मंगच गेली."

पिशवी माझ्या हातात देऊन ती निघाली आणि जिन्यात थांबली. "पुढच्या वर्षाला न्हाय हां. मना एकटीला जमायचा न्हाय."

तोंडावर सांगितलं, अगदी सासूसारखं.

दार लावून मी एक बोंबील कानाशी धरला आणि मोडला. वाजला.