निवट्यांचा कौल

माझं ठरलेलं लग्न अडलं ते निवट्यांपायी. निवटा म्हणजे खाडीच्या चिखलातला तो डोळे वर आलेला मासा. ओहोटी लागली की पाण्याबाहेर येतो, पुढच्या दोन परांवर कोपर टेकल्यासारखा सरपटतो, झाडांच्या मुळांवर चढून बसतो आणि कुणी जवळ गेलं की टुणकन उडी मारून बिळात पसार. श्रीवर्धनच्या अलीकडे आमचं गाव. तिथे त्याचं कालवण घरोघर व्हायचं. आमच्याकडेही व्हायचं आणि मला ते फार आवडायचं.

सन तीसच्या मागेपुढे बाबा तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते. मुंबईहून इंग्रजी पुस्तकं मागवून वाचत, आणि वाचलेलं पोटात ठेवणं त्यांना या जन्मी जमलं नाही. एका सकाळी त्यांनी सातवीचा वर्ग खाडीवर नेला. निवटे दाखवून सांगितलं, की देवाने मासा वेगळा, बेडूक वेगळा, माणूस वेगळा असं एकेक घडवून ठेवलेलं नाही. असाच कुठलासा मासा कधीकाळी चिखलात चढला, त्याच्या वंशात बदल होत होत पायांचे प्राणी झाले आणि त्यांच्यात फार उशिरा आपण आलो. हा निवटा आपला आजोबा नव्हे, लांबचा भाऊबंद, हेसुद्धा त्यांनी बजावलं होतं. पण पोरांनी घरी नेलं ते एवढंच, की मास्तर म्हणतात आपण निवट्याची अवलाद.

माझे होणारे सासरे गावातले मोठे बागायतदार, पोफळीच्या वाड्यांचे धनी आणि ग्रामदैवताच्या देवळाचे पंच. सगळे त्यांना आबा म्हणत. ते दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर आले. समोर ठेवलेल्या पाण्याला त्यांनी हात लावला नाही.

"मास्तर, काल आमच्याकडं निवट्यांचं कालवण झालं. म्हंजे आम्ही आजोबा रांधून खाल्ला का?"

दाराआड मला हसू फुटलं. आईने दंडाला चिमटा काढला. आबा मुळीच हसत नव्हते.

"ज्या घरात देवाची करणी मानत न्हाईत, त्या घरची पोरगी आमचा कुळाचार काय सांभाळणार? देवळात या आणि चार माणसांत म्हणा, देवानं समदे जीव वेगळाले घडवले, माझं चुकलं. न्हायतर सोयरीक मोडली म्हणून समजा."

"चुकलं असतं तर म्हटलं असतं, आबा," बाबा म्हणाले.

आबांनी काठी आपटली. "मंग देवालाच विचारू. घडवलंन त्यानं, ठावं बी त्यालाच. कौल लावू. देव देईल तो निवाडा मी मानीन, तुम्ही बी माना."

बाबा बोलायला तोंड उघडणार तोच आई बाहेर आली आणि "येतील ते" म्हणून मोकळी झाली. परक्या पुरुषासमोर ती असं मध्ये बोललेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आबा गेल्यावर तिने बाबांना एवढंच विनवलं, की नुसतं उभं राहा आणि काही बोलू नका. बाबांनी मान हलवली. माझा त्या मानेवर काडीचा भरवसा नव्हता.

मला आबांचा तो मुलगा हवा होता. तेव्हा हे बोलायची सोय नव्हती, आता बोलते. मुंबईत छापखान्यात नोकरीला होता. बघायला आला तेव्हा स्वयंपाकाचं, शिवणाचं काही न विचारता त्याने विचारलं, "वाचायला आवडतं का?" एवढ्या एका प्रश्नावर मी मनातल्या मनात त्याच्या घरी नांदायला गेले होते.

कौलाला अर्धं गाव जमलं. आमच्याकडे कौल लावतात तो पोफळीच्या कळ्यांनी. ओले कळे देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायचे आणि प्रश्न घालायचा. उजवा पडला तर देव होय म्हणाला, डावा पडला तर नाही. बी पेरायचं, होडी लोटायची, दुखणेकऱ्याला मुंबईला न्यायचं, सगळं असं विचारून व्हायचं. पण जीवसृष्टी कशी झाली हे त्या देवाला कुणी कधी विचारलं नसावं. गुरवसुद्धा घुटमळला.

"काय म्हणून विचारू, आबा?"

"म्हण, मास्तर सांगतात ते खरं असंल तर उजवा दे, खोटं असंल तर डावा."

गुरवाने कळे लावले, हात जोडले. "व्हय देवा, तुझी लेकरं दारात उभी हायेत. मास्तर सांगतात तसं एका जिवातनं दुसरा जीव झाला असंल तर उजवा दे. तू वेगळाले घडवले असशील तर डावा दे. काय असंल ते दाव."

कळे जागचे हलेनात. मी बायकांच्या बाजूला खांबाला धरून उभी. उजवा पडू दे, उजवा पडू दे, एवढंच माझं चाललं होतं. देव मानायचा की नाही हा प्रश्न मला त्या घटकेला पडलाच नाही. गुरवाने पुन्हा विनवलं. डावा कळा किंचित घसरला. आईने माझं मनगट घट्ट आवळलं. डावा तसाच अडकून राहिला आणि उजवा टपकन खाली पडला.

आबांचा चेहरा उतरला, पण माणूस शब्दाचा पक्का. त्यांनी देवापुढे डोकं टेकलं. "देवानं सांगितलं, संपलं. मास्तर, सोयरीक कायम." आई रडायला लागली. मलाही रडू आलं, सुखाने.

आणि बाबा बोलले. "आबा, उपकार झाले. पण कळा ओला होता, सुकला, पडला. डावा पडला असता तर मी माझं मत सोडणार नव्हतो. मग उजवा पडला म्हणून तो पुरावा कसा धरू?"

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. जिंकलेलं हाताने उधळलं या माणसाने!

बाबांकडे पाठ करून आबा माझ्याकडे वळले. "पोरी, तुझ्या बापाला कौल बी नको, देव बी नको. तू सांग. हे बापाचं खूळ हाय, मी मानत न्हाय, एवढं म्हण. तुला मी आजच सून म्हणून नेतो."

इतके दिवस मला कुणीच काही विचारलं नव्हतं. कौलासाठी मुंबईहून आलेला तो मुलगा वडिलांच्या मागे उभा होता. त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. निवट्याचे ते टेकलेले कोपर माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"निवटे मी पाहिलेत, आबा. बाबांचं मला पटतं. कौलाच्या आधीपासून पटतं."

आबांनी काठी उचलली आणि ते बाहेर पडले. माणसं पांगली. तो मुलगा चपला घालायला पायरीवर वाकला, मी दोन हातांवर होते. मान वर न करता तो हळूच म्हणाला, "मलाही पटतं ते."

"मग आत का नाही बोललात?"

त्याने वडील गेले त्या वाटेकडे पाहिलं आणि लगबगीने त्यांच्या मागे गेला. तोवर मला तो हवा होता.