काळ्या विटांची आंघोळ

आधी माझा गुन्हा कबूल करून टाकतो. मार्चमधल्या बैठकीत थर्माकोलच्या बाजूने पहिला हात वर झाला तो माझा. आता लाज वाटते, पण खोटं कशाला बोला?

आमचं घर म्हणजे खाणकामगारांची तीन मजली विटांची चाळ. बारा बिऱ्हाडं, मागे सामाईक अंगण, कबुतरांची खुराडी आणि एक बाक. शंभर वर्षांच्या कोळशाच्या धुराने भिंती इतक्या काळ्या झाल्या होत्या, की खाली लाल वीट आहे हे आम्ही नुसतं ऐकून होतो. खाण बंद पडून वीस वर्षं झाली, धूर गेला, काळेपणा राहिला. शेजारच्या चाळीने दोन वर्षांपूर्वी थंडी अडवायला बाहेरून थर्माकोलचे तक्ते चिकटवले आणि वर गिलावा करून जर्दाळूचा रंग दिला. दिसायला अगदी वाढदिवसाचा केक. आता आमची पाळी होती. व्यवस्थापक ग्रोनेकसाहेब रंगांची पट्टी घेऊन आले होते आणि आम्ही जर्दाळू की पिस्ता यावरून एकमेकांच्या उरावर बसलो होतो.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या एर्नामावशी उठल्या. एर्ना गावलिक, वय चौऱ्याहत्तर, उंची बेताची, आवाज अजिबात बेताचा नाही. एकतीस वर्षं त्या खाणीच्या दिव्यांच्या खोलीत कामाला होत्या. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नंबरचा दिवा द्यायचा आणि तो वर आला की परत घ्यायचा. कुठला दिवा परत आला नाही, हे गावात सगळ्यांच्या आधी त्यांना कळायचं. असल्या बाईला कोणी गप्प बस म्हणत नाही.

"ग्रोनेकसाहेब," त्या म्हणाल्या, "माझा नवरा आलोइझ तीस वर्षं खाणीतून काळाकुट्ट होऊन घरी यायचा. मी त्याला टबात बसवून घासायचे. अंगावर जर्दाळूच्या रंगाची गोधडी टाकून लपवला नाही कधी!"

सगळे हसले. ग्रोनेकसाहेबही हसले, पण माणूस कामाचा होता. "मावशी, हसण्यावारी नेऊ नका. लोकांना हिवाळ्यात थंडी वाजते."

"थंडी छपरातून आणि तळघरातून येते. माळ्यावर ऊब धरणारी लोकर अंथरा, तळघराचं छत झाका. त्यासाठी घराचं तोंड कशाला बुजवायचं?"

"एर्ना, तोंड तरी कुठे राहिलंय? काजळी आहे नुसती," गिंटर म्हणाला. गिंटर दुसऱ्या मजल्यावरचा, त्यांच्याच वयाचा, खाणीतला जुना गवंडी. त्याचे गुडघे हिवाळ्यात दुखतात म्हणून तो थर्माकोलचा कट्टर भक्त.

शेवटी असं ठरलं, की फाटकाकडची तळमजल्याची भिंत, चार खिडक्यांची, मावशींच्या ताब्यात द्यायची. जूनमध्ये ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक दरवर्षी आमच्या फाटकाशी थांबते, तिथे वेदी मांडतात. तोवर भिंत धुऊन दाखवायची. सणानंतरच्या रविवारी पुन्हा हात वर. बारापैकी सात मिळाले तर वीट राहील, नाहीतर जर्दाळू.

मे महिन्यात मावशींनी काम काढलं. बादल्या, साबण, मऊ केसांचे घासायचे ब्रश. तारेचा ब्रश मी आणून दिला तर माझ्यावरच खेकसल्या, "बेर्नात, वीट सोलायची नाहीये, धुवायची आहे!" मी शिडी धरायला लागलो. मतदान केलं होतं विरोधात, पण चौऱ्याहत्तर वर्षांची बाई शिडीवर चढलेली बघून वर सूप पीत बसणं मला जमलं नाही.

पहिल्या दोन दिवसांत काळं पाणी वाहिलं आणि खालून लाल दिसायला लागलं. असं लाल, की मी तोंडात बोटच घातलं. साठीला आलो, याच घरात जन्मलो आणि आपलं घर लाल आहे हे मला आत्ता कळत होतं. आठवडाभरात भिंत पुरी झाली. मावशींनी खसखशीचा केक केला, अख्ख्या अंगणाला वाटला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत पांढरी झाली.

पांढरे फुलोरे, डाग, ओघळ. कोणीतरी पिठाची गोणी झटकावी तशी. खिडकीतून लोक डोकावले, नाकं मुरडली. ग्रोनेकसाहेब येऊन बघून गेले, जाताना खिशातली रंगांची पट्टी चाचपत.

आता आमच्या भागातल्या बायकांची गंमत सांगतो. डाग दिसला की पाणी. शनिवारी खिडक्या, जिना, उंबरा, इतकंच काय फाटकाबाहेरचा रस्तासुद्धा धुतात. लहानपणी आम्ही मुलं जास्त वेळ एका जागी उभी राहत नसू, उगाच आपल्यालाही धुतील म्हणून. मग मावशींनी काय केलं असेल? भिंत पुन्हा धुतली. दोन दिवसांत पांढरं दुप्पट झालं. तिसऱ्यांदा धुतली, आधीपेक्षा जास्त पाण्याने.

बाकावर बसून गिंटर सगळं बघत होता. खरं तर त्याचं फावलं होतं. पण गवंड्याच्या डोळ्यांना काही गोष्टी सोसवत नाहीत. चौथ्या वेळी मावशी बादली घेऊन निघाल्या तेव्हा तो ओरडला, "अगं बाई, ठेव ती बादली! पाण्यानेच येतंय ते वर. विटेच्या पोटातलं मीठ आहे. जितकं धुशील तितकं फुलणार."

"मग काय करू?"

"काही करू नकोस. ऊन-वाऱ्याने वाळू दे. दहा-बारा दिवस पाण्याचा थेंब लावू नकोस. मग कोरड्या ब्रशने झाडून काढ."

मावशींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. सणाला अठरा दिवस उरले होते. "तू थर्माकोलवाला. मला बसवून ठेवून दिवस घालवायचा विचार दिसतोय तुझा."

गिंटर लाल झाला, नव्या विटेसारखा. "माझं मत तुझ्या विरोधात आहे आणि राहील. पण भिंतीच्या बाबतीत मी खोटं बोललो तर संत बार्बरा मला बघून घेईल." बार्बरा म्हणजे खाणकामगारांची राखणदार, खाणीतला माणूस तिची खोटी शपथ घेत नाही. मावशींनी बादली खाली ठेवली.

ते दिवस मी विसरणार नाही. मावशी बाकावर बसायच्या, भिंतीकडे तोंड करून, हात मांडीवर. शनिवार आला. सगळ्या अंगणात पाण्याचा आवाज, आणि त्यांची एकटीची भिंत पांढरीफटक. जाता-येता लोक विचारायचे, "काय मावशी, पीठ मळायला घेतलं का?" एकदा मी शेजारी जाऊन बसलो.

"वाट बघायचं मला काही नवं नाही रे," त्या म्हणाल्या. "दिवा परत यायची वाट बघत रात्र-रात्र काढलीय. पण पुसल्याशिवाय राहवत नाही बघ. हात नुसते शिवशिवतात."

मला त्यांची फार दया आली आणि स्वतःचा रागही. हा हात मी कशासाठी वर केला होता?

ऊन चांगलं पडलं. अकराव्या दिवशी मावशींनी कोरडा ब्रश उचलला आणि एका विटेवरून फिरवला. मीठ भुरभुर खाली पडलं. दुसऱ्या दिवशी ती वीट तशीच लाल. तिसऱ्या दिवशीही लाल! मग मी आणि मावशी, दोघांनी मिळून भिंत झाडली. आम्ही खोकलो, शिंकलो, आणि मावशी मधूनच हसत होत्या.

राहिले सांधे. जागोजागी चुना झडला होता, मध्येच कोणीतरी सिमेंट थापलं होतं. मावशी थापी घेऊन बसल्या आणि पाचच मिनिटांत वरून गिंटरचा आवाज आला, "असे भरतात का सांधे? केकवर साय फासतेस का?" पाठोपाठ तो स्वतः आला, दुखरे गुडघे घेऊन. थापी हिसकावून घेतली. "सिमेंट काढून टाका आधी. इथे चुनाच हवा, भिंतीला श्वास घेता आला पाहिजे." पुढचे तीन दिवस तो स्टुलावर बसून सांधे भरत होता आणि आम्हा दोघांना शिव्या देत होता. इतका खूश मी त्याला खाण बंद पडल्यापासून पाहिला नव्हता.

सणाच्या आदल्या दिवशी मावशींनी खिडक्यांच्या कडा लाल रंगवल्या. चकचकीत, भडक लाल. पूर्वी खाणीतल्या गाड्यांना द्यायचा तो रंग आमच्या आयांनी खिडक्यांना लावला होता. आत पांढरे लेसचे पडदे, चौकटीत जिरेनियमच्या कुंड्या.

मिरवणूक आली. छत्राखाली पाद्री, पुढे पाकळ्या उधळणाऱ्या मुली, मागे बँड. वेदीपाशी सगळे गुडघे टेकतात आणि मान खाली घालतात. त्या दिवशी निम्म्या लोकांच्या माना वर होत्या. माझ्या मागे एक म्हातारी पुटपुटली, "अगं माझ्या आईचं घर असंच होतं!" आणि रडायला लागली. मलाही आवरेना. मावशी वेदीजवळ ताठ उभ्या होत्या, ठेवणीतला पोशाख घालून, एखाद्या नवरीच्या आईसारख्या.

रविवारी अंगणात बैठक झाली. ग्रोनेकसाहेबांनी रंगांची पट्टी आणली होती, पण ती खिशातून बाहेर काढली नाही. शेजारच्या केकवर सुतारपक्षी बसला होता. थर्माकोलला त्याने या वर्षी पाचवं भोक पाडायला घेतलं होतं, ठक ठक ठक.

"विटांच्या बाजूने कोण?" ग्रोनेकसाहेबांनी विचारलं.

पहिला हात माझा. मग हळूहळू बाकीचे. गिंटरने "माळ्यावर लोकर घालणार असाल तरच," असं बजावलं आणि थापी धरणारा हात वर केला. मोजले, अकरा झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपेत्सबाई अजूनही जर्दाळूवर अडून होत्या, पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. ग्रोनेकसाहेबांनी टोपी काढली आणि मावशींना वाकून नमस्कार केला.

आम्ही टाळ्या वाजवायला हात खाली घेणार, तेवढ्यात मावशी गरजल्या, "खबरदार! कोणी हात खाली करायचा नाही!"

आम्ही तसेच उभे राहिलो, शाळेतल्या पोरांसारखे. मावशी आत गेल्या आणि टोपली घेऊन आल्या. एकेकापाशी थांबून त्यांनी प्रत्येकाच्या वर केलेल्या हातात एकेक ब्रश दिला, नाव घेऊन, पूर्वी दिवे द्यायच्या तसा.

"अजून तीन भिंती आहेत," त्या म्हणाल्या. "आणि संध्याकाळी ब्रश मला परत पाहिजेत. सगळेच्या सगळे."