गंगाक्काचा सरवा

मंडळी, आज सकाळी किती आनंदात होते मी! नात विचारायली, "आजी, सरवा म्हणजे काय गं?" म्हटलं, चल, शेतातच दाखवते.

जवारी कापून नेल्यावर रानात कणसं राहतात ना, त्याला सरवा म्हणायचं. तो वेचणाऱ्या बायांचा. कर्नाटकाला म्हैसूर राज्य म्हणायचे तेव्हा मी लग्न होऊन इथं निंबर्ग्याला आले. सासू लई कडक, चहात साखर घालताना हात आखडायची. पण कापताना कणसं मुद्दाम पाडायची. म्हणायची, "मागं वळून बघू नकोस गं, गंगाक्का यायलीय."

ती सरवा वेचणारी गंगाक्का आता पार वाकलीय. तरी आज आमच्यासंगं आली, पदराची ओटी खोचून.

बांधावर गेलो तर काय! काल मशीननं कापणी झाली अन् आज ट्रॅक्टरनं सगळं रान उलटून टाकलेलं. कणीस औषधाला न्हाई. मी लेकावर वरडले, "कामून रे एवढी घाई?"

"अव्वा, आता वेचायला कोण येतंय?"

गंगाक्का त्याच्या पुढ्यातच उभी होती.

नात विचारायली, "आजी, सरवा कुठंय?" गंगाक्काला घरी आणून मी सूपभर जवारी द्यायला गेले, तर तिनं ओटी सोडून पदर झटकला.

"ही भीक झाली, अक्का. सरवा माझा होता."

अन् गेली. तुमच्या रानात तरी कुणासाठी काही राहतंय का हो?