आत्याबाईंचं ऑर्किड

दौंडच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत एक ऑर्किड टांगलंय. येणारा प्रत्येक जण आधी फुलाचं कौतुक करतो आणि मग विचारतो, याला माती कुठंय? ते ऐकलं की मला हसू येतं. याच प्रश्नावरून मांडवगण फराट्याला माझ्या सासरी अख्खा उन्हाळा अबोला चालला होता. ज्या दोघांत तो चालला ते माझे सासू-सासरे आता नाहीत, त्यांचं हे झाड तेवढं आम्ही इकडं आणलं. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामा म्हणतात.

ऑर्किड आणलं माझ्या नवऱ्यानं. कोरेगाव भीमाजवळ त्याच्या कंपनीत कसलासा कार्यक्रम झाला, आणि स्टेजवर सजावटीला ठेवलेल्या कुंड्या नंतर वाटून टाकल्या. त्यानं एक आणून आईच्या हातात दिली. जांभळी फुलं, आणि कुंडीत नुसते कोळशाचे तुकडे नि नारळाच्या शेंड्या. आत्याबाई हरखल्या. तोवर त्या घरात जे उगवायचं ते विकायला, नाहीतर खायला. तुळससुद्धा देवाची. नुसतं बघायचं झाड त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं. न्हाणीच्या भिंतीशी सावलीत त्यांनी ते टांगलं. रोज सकाळी तांब्यातलं पाणी हातानं शिंपडायच्या, शेजारणींना बोलावून दाखवायच्या. फुलं गळून गेली तरी त्यांचा लळा काही कमी झाला नाही.

मामांच्या मात्र ते झाड डोळ्यांत खुपायचं. उसात आयुष्य गेलेला माणूस. झाडाच्या कांड्या बघून म्हणाले, हा तर बारका ऊसच हाय. आणि उसाच्या मुळ्या उघड्या पडलेल्या त्यांना बघवायच्या नाहीत. आपल्याकडं एवढी काळी माती असताना याला कोळशात ठेवायचं म्हंजी पोराला घरात आणून उपाशी ठेवण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. या मुळ्या हवेतच राहतात, असं मी समजवायला गेले, तर तुमच्या दौंडला रेल्वेच्या रुळावर बी झाडं उगवत असतील, म्हणून माझ्या माहेरावरून मलाच टोमणा मारला. मी फणकाऱ्यानं आत निघून गेले.

उन्हाळ्यात मी आणि आत्याबाई माझ्या माहेरी लग्नाला गेलो. पाहुण्यांनी सोडलं नाही, परतायला बरेच दिवस लागले. आलो तर मामा ओसरीवर खुशीत बसलेले. आमची पाठ वळताच त्यांनी ऑर्किडची बांधणी केली होती! ऊस मोठा झाला की खोडाला मातीची भर देतात ना, तशी. मळ्यातली काळी माती, त्यात कुजलेलं शेणखत, कुंडी गळ्यापर्यंत भरलेली, आणि वरून रोज पाट सोडल्यासारखं पाणी. एक मुळी उघडी दिसेल तर शपथ. पानं पिवळी पडून लोंबत होती. बिचाऱ्यांनी अगदी मनापासून केलं होतं हो, पण मला त्यांचा असा राग आला, की सासरे नसते तर त्यांची काही खैर नव्हती.

आत्याबाईंनी पदर खोचला, खाली बसल्या, कुंडी उपडी केली. मुळ्या हातात आल्या त्या मऊ, काळ्या, वास मारणाऱ्या. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"समदं रान तुमचं. ही एवढी एक कुंडी माझी हुती."

मामा उठून मळ्याकडं निघून गेले. त्या दिवसापासून अबोला. जेवायला बसा म्हणावं त्यांना, हे आत्याबाई मला सांगणार. भूक न्हाई म्हण, हे मामाही मलाच सांगणार. दोघं हाताच्या अंतरावर आणि मी मधे पोस्टमन. वैताग आला होता जिवाला.

एके दुपारी मामा माझ्याकडं आले आणि हळूच म्हणाले, मोबाईलवर त्या झाडाचं काय असंल ते लाव. व्हिडिओ त्यांनी परत परत बघितला. मग बाभळीचं लाकूड आणलं, कुजलेल्या मुळ्या ब्लेडनं कापल्या आणि जगतील वाटल्या त्या कांड्या नारळाच्या शेंड्यांवर ठेवून सुतळीनं लाकडाला बांधल्या. ते लाकूड आधी कुंडी होती तिथंच टांगलं आणि बाजूला झाले. पुन्हा त्याला हात लावला नाही. पाणी आत्याबाईच घालायच्या. अबोला हळूहळू निवळला, पण मामांचं मन काही थाऱ्यावर नव्हतं. येता-जाता लांबूनच झाडाकडं बघायचे.

पुढच्या दिवाळीनंतर नव्या कांडीतून दांडा निघाला आणि एका सकाळी पहिलं फूल उमललं. आमच्या घरात पहिली कणसं असोत की पहिला गूळ, तो गावदेवीला जायचा, आणि कधी न्यायचा हे मामा ठरवायचे. मामा आंघोळ करून, पूजेचं ताट घेऊन झाडापाशी उभे राहिले. आता हे फूल तोडणार, म्हणून मी भांडायला पुढं झाले. पण ते स्वयंपाकघराच्या दाराकडं वळले.

"तुझं काय म्हणणं हाय?"

आत्याबाई भाकरी थापत होत्या. असलं काही त्यांना त्या घरात कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. त्या उठून दारात आल्या.

"राहू द्या झाडावर. मला बघायचंय," त्या म्हणाल्या.

मामांनी ताट आत नेऊन ठेवलं, ओसरीवरची आपली खुर्ची उचलली आणि झाडासमोर मांडली. मामांच्या देखत आत्याबाई कधी खुर्चीत बसत नसत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला रडू आवरेना, मी मानेनंच बसा म्हटलं. पिठाच्या हातानं पदर सावरत त्या खुर्चीत बसल्या. मामा त्यांच्या शेजारी खाली फरशीवर बसले.