सुतक फिटेपर्यंत

मी पोलादपूरहून पुण्याला निघाले, तेव्हा स्टँडवर बाबा कंडक्टरला परत परत बजावत होते, "पोरीला स्वारगेटला नीट उतरवा." शेवटी तो बिचारा म्हणाला, "काका, गाडी तिथंच संपते." आई खिडकीखाली उभी राहून पिशवीतली घावनं सांडली नाहीत ना, ते विचारत होती. पुण्यात जाऊन मी नेमकं काय करणार, हे मात्र कोणीच विचारलं नाही. मलाही कुठे ठाऊक होतं! महाडला केमिकलच्या कंपन्या आहेत म्हणून महाडच्या कॉलेजात केमिस्ट्री घेतली, एवढंच आमचं करिअर प्लॅनिंग. "ग्रॅज्वेट झालीस ना, आता कायतरी लागेलच," बाबा म्हणाले, आणि गाडी हलली.

लागलं, पण फार उशिरा. पहिल्याच इंटरव्ह्यूत बाईंनी विचारलं, कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये काय केलंत? आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत राब भाजायचो, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा टाकून जमीन जाळायचो. ते सीव्हीत कुठे लिहिणार? बाहेर बाकावर बसलेल्या मुली दुसऱ्या वर्षापासूनच कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये इंटर्नशिप करून आलेल्या. त्यांच्या मार्कांचा मला हेवा वाटला नाही. त्यांना हे वेळेवर सांगणारं कोणीतरी होतं, त्याचा वाटला.

म्हणून धाकट्या बहिणीला, मानसीला, मी पहिल्या वर्षापासून फोनवर पिडत आले. सीव्ही कर, ईमेल लिहायला शीक, सरांना प्रोजेक्ट माग. ती हसायची, पण सगळं करायची. यंदा दुसऱ्या वर्षाला असताना पुण्यातल्या एका चांगल्या लॅबने तिला सुट्टीतल्या ट्रेनिंगसाठी निवडलं. तिथं काम चांगलं केलं की पुढे नोकरीला तेच लोक बोलावतात. ऑफिसात बातमी कळली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. आता फक्त आठवड्याच्या आत पालकांच्या सहीचं पत्र पाठवायचं होतं.

"करतो की सही," बाबा म्हणाले. "पण आधी कौल लावूया. तुझ्या वेळी लावला होता, तसाच." उमरठच्या बाजूला आमचं गाव. तिथं पोरगी बाहेर धाडायची तर वाघजाईला विचारल्याशिवाय कोणी धाडत नाही. गुरव देवीला फुलं लावतो. उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. माझ्या वेळी पुण्यात माझी कोणी वाटच बघत नव्हतं, त्यामुळे कौल आज लागला काय आणि पुढच्या महिन्यात काय, सारखंच होतं.

त्याच रात्री भावकीतले एक आजोबा मुंबईत वारले. अख्ख्या भावकीला सुतक. सुतकात देवळाची पायरी चढायची नाही, मग कौल कसला लावणार?

"बाबा, अहो, नुसती सही करा. कौल मागाहून लावा."

"देवीला न विचारता? आणि वाटंत पोरीला काय झालं तर मी कोणाच्या तोंडाकडं बघू? बारावं होऊ दे गो बाय. कंपनी काय पळून जाते?"

बाबांना काय म्हणणार? पोरीच्या वाईटावर असलेला माणूस असता तर भांडले असते. मी मानसीकडून लॅबला ईमेल लिहून घेतलं. 'सुतक' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचं, आम्हाला सुचेना. 'घरी दुःखद घटना' एवढंच लिहिलं. त्यांनी सहानुभूती कळवली, दोन दिवस वाढवूनही दिले. तेही गेले. मग जागा दुसऱ्या मुलीला दिल्याचं उत्तर आलं, तेही फार सभ्य भाषेत.

सुतक फिटलं त्या सकाळी बाबांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "बाय, उजवा दिला! लावल्या लावल्या दिला गो! आता काय चिंता नाय!" मी "हो का" म्हणाले. मागून मानसीने फोन घेतला, अंगणात गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, त्यांना काय सांगू नको हं. इतके दिवस जेवले नायत नीट. आज कुठं पोटभर जेवले."

घर सोडून आलेल्यांनो, तुमचंही असंच होतं का? लहानपणी घरात खोटं बोललं की तिथल्या तिथे पकडलं जायचं. आता घर म्हणजे ज्यांना खरं सांगवत नाही अशी माणसं. आणि गावाकडच्यांनो, तुमच्यावर राग धरावा म्हटलं तर तोही धरता येत नाही. तुमची काळजी खरी आहे. तिला फक्त इथल्या तारखा ठाऊक नाहीत.

उद्या मानसी येते आहे. निदान कुठे तात्पुरतं काही मिळतं का, ते बघू. पण तिला सोडायला बाबा स्वतः येताहेत. "आत नाय येत गो मी," म्हणाले. "पोर कुठं काम करणार ती बिल्डिंग तेवढी लांबनं दाखव, म्हणजे आईला सांगता येईल."

कुठली दाखवू?